जबडा दुखतोय? आधी दात सुटे करा

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहात बुडवलेली खारीसुद्धा मला चावता येईना. उजव्या कानाच्या अगदी पुढे ठणका लागला होता. बोट ठेवून तोंड उघडलं की जिथे हाड हलताना लागतं, नेमकं तिथेच. जांभई आली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि घास चावताना कानात ‘कट्ट’ असा आवाज व्हायचा. मी कराडला एका पतसंस्थेत हिशेब बघते. मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे रात्री नऊ-नऊपर्यंत बसणं आलं, त्यामुळे दुखणं अंगावर काढलं.

आधी वाटलं कानच दुखतोय. तीन आठवडे कानात थेंब घातले आणि काडीचा फरक पडला नाही, कारण कान निरोगी होता. मग एका ठिकाणी अक्कलदाढ काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याआधी नणंदेच्या आग्रहाने दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी दाढेकडे बघण्याआधी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली, तोंड सावकाश उघडायला-मिटायला लावलं, गाल आणि कानशिलं चाचपली. मग विचारलं, “आत्ता माझ्याशी बोलत नव्हतात तेव्हा तुमचे दात एकमेकांवर टेकलेले होते का?”

टेकलेले होते, नुसते टेकलेले नाही तर आवळलेले होते. आणि ते मला कुणी विचारेपर्यंत माहीत नव्हतं.

त्या प्रश्नानंतर पुढच्या दीड-दोन महिन्यांत मी घरी जे केलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. माझ्यासारखे कान आणि दाढ यांच्या मध्ये हेलपाटे घालणारे पुष्कळ जण असतात. वीस ते चाळीस या वयात जबड्याच्या सांध्याचं आणि स्नायूंचं हे दुखणं जास्त दिसतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये अधिक.

आत काय बिघडतं

खालचा जबडा हे एकच हाड आहे आणि त्याची दोन टोकं दोन कानांपुढे कवटीत बसलेली असतात. म्हणून एका बाजूचा सांधा हलवायचा आणि दुसऱ्याला विश्रांती द्यायची, हे शक्यच नसतं. तोंड थोडं उघडताना हा सांधा बिजागरीसारखा फिरतो. जास्त उघडलं की तो टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. दोन हाडांच्या मध्ये एक चिवट, पातळ चकती असते. ती जागेवरून थोडी पुढे गेली आणि तोंड उघडताना परत दोन हाडांच्या मध्ये आली, की तो ‘कट्ट’ आवाज होतो.

आवाजाला घाबरू नका. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, अशांना उपचाराची गरज नसते. माझा आवाज आजही अधूनमधून येतो. दुखणं मात्र गेलं.

आणि बहुतेकांचं दुखणं सांध्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, स्नायूंचं असतं. गालावर हात ठेवून दाढा आवळा. हाताखाली जो गोळा टरारून येतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावर बोटं ठेवून पुन्हा आवळा, तिथेही हालचाल लागेल. आपण दिवसभर दात आवळून बसलो तर हे स्नायू दिवसभर ओझं उचलून उभे असतात. संध्याकाळी कानशिलं ठणकतात ती यामुळे.

घरच्या उपायांआधी हे बघून घ्या

छातीत दडपण, घाम, धाप यांच्यासोबत जबडा दुखत असेल, किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि बसल्यावर थांबतो असं होत असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. यातलं काहीही असेल तर शेक घेत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. तोंड उघडं राहिलं आणि मिटतच नाही, किंवा अचानक अडकलं आणि उघडतच नाही, तरी त्याच दिवशी जा. जोर लावून आपणच बसवायला जाऊ नका. ताप, गालावर सूज, तोंडात पू, पडल्याचा किंवा लागल्याचा मार, हेही घरचं काम नाही. कुठे जखम झाली आणि काही दिवसांनी दातखीळ बसू लागली तर धनुर्वाताची शंका घ्यायची असते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चावता चावता जबडा भरून येत असेल, केस विंचरताना डोकं हुळहुळत असेल, त्यात नजर अंधूक झाली असेल, तर एक दिवसही थांबू नये. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. माझ्या चुलत दिरांना तोंड कमी उघडायला लागलं तेव्हा त्यांना वाटलं, वहिनीचं दुखणं मला लागलं. त्यांना तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची आणि गाल आतून पांढरट, चामड्यासारखे ताठ झाले होते. ते सांध्याचं नव्हतं, सुपारी आणि गुटख्याचं होतं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतात हे आपण सगळे जाणतो. या आजारात गालाच्या आतलं अस्तर आकसत जातं आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. तुम्ही सुपारी, मावा, गुटखा खात असाल आणि तोंड कमी उघडत असेल, तर खालचं काहीही करण्याआधी तोंड तपासून घ्या. अगदी कळकळीने सांगते.

सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे

गिळताना आणि चावताना सोडलं, तर वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागायलाच नको असतात. तोंड मिटलेलं असलं तरी आत दातांमध्ये फट हवी. मला हे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

ही स्थिती कशी साधायची, ते डॉक्टरीणबाईंनी ‘नमस्कार’ या शब्दाने शिकवलं. त्यातलं ‘नम्’ तेवढं हळू म्हणा. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या किंचित मागे, टाळूला लागतं. ते तिथेच राहू द्या. ‘म्’ म्हणताना ओठ मिटतात, पण दात टेकत नाहीत. तिथेच थांबा आणि नाकाने श्वास घ्या. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. हीच जबड्याची विश्रांतीची जागा. जीभ दाबायची नाही, नुसती टेकवायची.

करायला दहा सेकंद पुरतात, आठवण राहणं अवघड. मी टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि लाल टिकल्या चिकटवत गेले. एक ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या कडेला, एक कॅल्क्युलेटरवर, एक गॅसच्या ओट्यावरच्या फरशीला, एक आरशाला, एक स्कूटीच्या काट्याजवळ. टिकली दिसली की ‘नम्’. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक टिकलीला माझे दात आवळलेले सापडले. आठवड्याने टिकल्या नजरेला सरावतात आणि दिसेनाशा होतात, म्हणून दर सोमवारी जागा बदलायच्या. ज्यांना टिकली नको त्यांनी मोबाइल वाजला की बघावं. पण माझा कौल टिकलीला, कारण ती आवाज न करता आठवण देते.

दोन आठवड्यांत मला माझ्या दात आवळायच्या वेळा कळल्या. नोटा मोजताना नाही, तर रोजकीर्द जुळत नसताना. साडेचारशे रुपयांचा फरक शोधत बसले की माझा जबडा कुलूप लावल्यासारखा व्हायचा. दुसरी वेळ कोयनेच्या पुलावरच्या गर्दीत स्कूटी चालवताना. तिसरी, मुलाचा अभ्यास घेताना. तुमच्या वेळा वेगळ्या असतील. त्या सापडल्या की निम्मं काम झालं, कारण मग त्या वेळेच्या आधीच जबडा सैल सोडता येतो. मी फरक शोधायला बसण्याआधी खांदे खाली सोडून तीन लांब श्वास घ्यायला लागले.

याच जोडीला काही सवयी सोडाव्या लागतात. पेन चावणं, नखं खाणं, दाताने दोरा तोडणं, केसांच्या पिना तोंडात धरणं, फोन खांद्यात दाबून बोलणं, हनुवटीला हात लावून बसणं. आणि ज्यांना ‘कट्ट’ आवाज होतो त्यांनी तो पुन्हा होतो का म्हणून सारखा जबडा हलवून बघणं. मी ते दिवसातून पन्नास वेळा करत असेन. दुखऱ्या जागेला आपणच टोचत राहतो.

शेक

स्नायूंच्या ठणक्याला ओला शेक सगळ्यात बरा. पंचा गरम पाण्यात बुडवून पिळायचा, घडी करून कानापासून हनुवटीपर्यंत गालावर ठेवायचा, निवला की पुन्हा बुडवायचा. पंधरा ते वीस मिनिटं, सकाळी आणि झोपण्याआधी. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, गालाची कातडी नाजूक असते. माझ्या सासूबाई तव्यावर खडेमीठ गरम करून पुरचुंडी करून देत. ऊब चांगली धरते, पण चटका बसायचा धोका जास्त, म्हणून ती दुपदरी फडक्यातच वापरावी. शेकताना दात सुटे ठेवा, नाहीतर वरून शेक आणि आतून आवळणं असं होतं.

जांभईत किंवा मोठा घास घेताना अचानक कळ आली असेल तर पहिल्या दिवशी बर्फ बरा. फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

खाणं

इथे आपल्याकडच्या घरात सगळ्यात जास्त अडचण येते, कारण भाकरीवाचून जेवण झाल्यासारखं वाटत नाही. मी दोन आठवडे ज्वारीची भाकरी बंद केली नाही, ताजी गरम भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खाल्ली. मुगाची खिचडी, मऊ भात, पिठलं, घावन, उपमा, नाचणीची आंबील, शिजवलेला दुध्या-भोपळा, केळं, दही, अंडं यांत पोटही भरतं आणि ताकदही राहते. नुसत्या पेजेवर राहू नका.

बंद करायच्या वस्तू म्हणजे ऊस, चिक्की, फुटाणे, भाजलेलं कणीस, हुरडा, खारीक, खोबऱ्याचा तुकडा, कच्चा पेरू, मटणाची नळी, सुपारी, च्युइंगगम. दुखतंय म्हणून दाढेत लवंग धरून बसणारे असतात. दाढ किडली नसेल तर लवंगेने काही होत नाही, उलट ती धरून ठेवायला आपण दात आवळतो.

घास लहान घ्या. वडापाव मोठा आ करून खायचा नाही, तोडून खायचा. सफरचंदाच्या पातळ फोडी करा. दुखत नसलेल्या एकाच बाजूने चावायची सवय लागते, तिचाही अतिरेक नको. मऊ अन्न असेल तर दोन्ही बाजूंनी चावता येतं.

हाताने मोकळं करणं

शेकानंतर पाच मिनिटं. दाढा एकदा आवळून गालावरचा गोळा शोधा आणि लगेच सोडून द्या. मग दोन बोटांनी त्या जागी सावकाश गोल फिरवा, गालाच्या हाडापासून खाली जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. जिथे बोटाखाली गाठ लागते आणि दाबल्यावर ‘हं, हेच’ असं वाटतं, तिथे पाच-सहा सेकंद स्थिर दाब देऊन सोडा. कानशिलावरही तसंच. दाब सोसवेल एवढाच असावा. भुवया आकसल्या म्हणजे जास्त झाला. दुसऱ्या दिवशी गाल हुळहुळला तर जोर कमी करा. तोंडात अंगठा घालून आतून मालिश करतात तेही असतं, पण ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकल्याशिवाय करू नये असं माझं मत आहे.

व्यायाम

तीव्र ठणका असताना व्यायाम नाही. मी दहाव्या दिवशी सुरू केले.

आरशासमोर ताठ बसा. जिभेचं टोक ‘न’च्या जागी टाळूला लावा. ते तिथून सुटू न देता तोंड सावकाश उघडा आणि मिटा. जीभ टाळूला असल्यामुळे तोंड फार उघडतच नाही, आणि सांधा पुढे न घसरता जागच्या जागी फिरतो. आरशात हनुवटी सरळ खाली जाते का बघा. माझी उजवीकडे वळून जायची. आरशावर वरून खाली एक दोरा चिकटवला आणि त्या रेषेत हनुवटी नेत राहिले. सहा वेळा करायचं, आणि दिवसातून सहा वेळा. ऑफिसात हे तोंडावर हात धरून कुणाला न कळता करता येतं.

आठवड्याने दुसरा घेतला. हनुवटीखाली अंगठा ठेवून हलका विरोध द्यायचा आणि त्या विरोधात तोंड एक बोटभर उघडायचं, पाच सेकंद थांबून मिटायचं. हाताचा जोर अगदी थोडा, कागद धरावा तेवढा.

तिसरा जबड्याचा वाटत नाही, पण मला त्याचा गुण आला. हनुवटी किंचित आत घेऊन मान लांब करायची, जणू डोक्यावर कळशी आहे. दिवसभर मान पुढे काढून स्क्रीनकडे बघितलं की जबड्यालाही ताण बसतो. मी कॉम्प्युटरखाली दोन जुन्या खतावण्या ठेवून तो डोळ्यांच्या पातळीला आणला.

कोणत्याही व्यायामानंतर दुखणं वाढून तासाभरात उतरलं नाही, तर तो व्यायाम काही दिवस थांबवा. प्रगती मोजायची असेल तर आठवड्यातून एकदाच, आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. साधारणपणे तीन जायला हवीत. माझी सुरुवातीला दोन जेमतेम जात. रोज मोजू नका आणि बोटं कोंबू नका.

जांभई येते तेव्हा जीभ टाळूला लावा आणि हनुवटीखाली मूठ धरा. तोंड मर्यादेत राहतं.

रात्र

झोपेत दात खाणाऱ्याला ते स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. सकाळी उठल्या उठल्या जबडा ताठ असेल, दातांच्या कडा झिजल्या असतील, तर शक्यता आहे. पालथं झोपणं बंद करा. पाठीवर झोपा, किंवा कुशीवर झोपलात तर गालाखाली हात नको. जेवणानंतरचा चहा मी सोडला. दारू आणि तंबाखू, त्यात मिश्रीही आली, रात्रीचं दात खाणं वाढवतात. मनाचा ताण कमी करणाऱ्या काही गोळ्यांमुळेही दात आवळले जातात. तसं वाटलं तर गोळ्या आपल्या मनाने बंद न करता ज्यांनी दिल्या त्यांनाच सांगा.

दातांवर बसवायची रात्रीची पट्टी मिळते. ती घ्यायची तर दाताच्या डॉक्टरांकडून मापाने करून घ्या. गरम पाण्यात बुडवून चावून बसवायची तयार पट्टी अनेकदा नीट बसत नाही, आणि दिवसरात्र घालून ठेवली तर दातांची ठेवण बदलू शकते. पट्टी दात झिजण्यापासून वाचवते, आवळायची सवय घालवत नाही.

गोळ्या आणि पुढचे उपचार

पहिले काही दिवस मी पॅरासिटामॉल घेतली. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सूज उतरवतात, पण जेवणानंतर आणि थोडेच दिवस. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गर्भारपण असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. डेंगीची साथ असताना अंगात ताप असेल तरी नाही.

दुखतंय म्हणून दात तासून ठेवण बदलणं, चांगल्या दाढा काढणं, सांध्यावर शस्त्रक्रिया, असं कुणी पहिल्याच भेटीत सुचवलं तर दुसरं मत घ्या. केलेलं ते परत फिरवता येत नाही. 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत जबड्याचे व्यायाम, ताणणं, हाताने केलेले उपचार, विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारं समुपदेशन यांना वरचं स्थान आहे, आणि परत न फिरवता येणाऱ्या उपचारांपासून दूर राहायला सांगितलं आहे.

दोन-तीन आठवडे मनापासून हे करूनही फरक नसेल तर दाताच्या डॉक्टरांकडे किंवा जबड्याच्या दुखण्याची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना वहीत लिहून न्या: कधी सुरू झालं, सकाळी जास्त की संध्याकाळी, किती बोटं तोंड उघडतं, कोणत्या घासाला दुखतं. दात भरायचे असतील तर खुर्चीत बसण्याआधीच सांगा की जबडा दुखतो, दर थोड्या वेळाने मिटू द्या. बहुतेक डॉक्टर ऐकतात.

मला पहिल्या आठवड्यात काहीच फरक वाटला नव्हता. दुसऱ्यात सकाळचा ताठरपणा कमी झाला. चौथ्यात तीन बोटं गेली. सहाव्या आठवड्यात सासूबाईंनी चुलीवरची भाकरी केली, पापुद्रा सुटलेली, आणि मी ती न कुस्करता ठेच्याबरोबर खाल्ली. ऊस मात्र मी आता रसवंतीवरच पिते.